पाकिटातला पाहुणा

तुमच्या ऑफिसातला प्रिंटर कुणी बिघडवला, हे कसं ठरतं? सोप्पंय. जो सगळ्यात नवीन, त्याने. त्या दिवशी त्याने प्रिंट काढली होती की नव्हती, हा तपशील गौण. जुन्या माणसांच्या हातून प्रिंटर बिघडत नसतात, असा एक अलिखित नियमच आहे.

गेल्या महिन्यात हा नियम मी डोळ्यांनी पाहिला. नुसता पाहिला नाही, त्यात हसून हातभारही लावला. म्हणून आजचा कॉलम थोडा माफीनामा समजा.

तर झालं असं. मी फ्रीलान्सर. घरून काम करते म्हणजे मजा असते असं सगळ्यांना वाटतं, आणि घरी बसलं की काम होत नाही हे फक्त मला माहीत असतं. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी एरंडवण्यातल्या एका मैत्रिणीच्या डिझाइन स्टुडिओत जाऊन बसते. खिडकीजवळचं टेबल, फुकटचं वायफाय आणि चार वाजता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा चहा. भाडं नाही. बदल्यात मी त्यांच्या ब्रोशर्सचं मराठी तपासून देते. सही डील!

त्या सोमवारी अकरा-साडेअकराला अकाउंट्सच्या टेबलावरून ‘टिंग’ असा आवाज आला. कॉम्प्युटरवर लाल चौकोन. शेअर्ड फोल्डरमधल्या ‘बिलं’ नावाच्या कप्प्यात व्हायरस सापडला म्हणे. अँटिव्हायरसने तो उचलून कोंडून ठेवला, विषय संपला. बुधवारी पुन्हा ‘टिंग’. त्याच कप्प्यात, तसाच. आणि मग मात्र कुजबुज सुरू झाली.

अकाउंट्सला बसणारी मुलगी नवी. साताऱ्याहून आलेली, प्रोबेशनवर, जेमतेम दोन महिने झालेले. लंचमध्ये ती हेडफोन लावून काहीतरी बघते, एवढा पुरावा लोकांना पुरला. ‘फुकटचे सिनेमे डाउनलोड करत असणार.’ ‘आमच्या मशीनवर कसं नाही येत काही?’ मीही म्हटलं, ‘अरे, तिला कुणीतरी ओटीटीचा पासवर्ड द्या रे!’ सगळे हसले. ती पण हसली. ते हसू कसलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मैत्रीण, म्हणजे स्टुडिओची मालकीण, मला हळूच म्हणाली, “महिनाअखेरीस बघू हिचं काय करायचं ते. क्लायंटच्या फाइल्स आहेत गं त्या सर्व्हरवर. रिस्क नको.”

मास्तर येती घरा

पण मैत्रीण तशी शहाणी. तिने बुधवारी संध्याकाळी मास्तरला फोन केला. मास्तर म्हणजे आमच्या ग्रुपमधला नेटवर्कवाला. काहीही विचारलं की तो आधी शिकवतो आणि मग उत्तर देतो, म्हणून मास्तर. एका मोठ्या आयटी कंपनीत सिक्युरिटी बघतो, आणि मित्रमंडळींची दुखणी चहावर बरी करतो.

त्याने आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, “इथे विंडोजची मशीन्स किती?”

उत्तर होतं, एक. बाकी सगळे डिझायनर, सगळे मॅकवाले. टॅली फक्त अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर, म्हणून विंडोज तिथेच आणि पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरसही तिथेच.

“मग दुसरीकडे टिंग वाजणार कसं?” मास्तर म्हणाला. “वाड्यात कुत्रा एकच. तो भुंकला म्हणून चोर त्याच्याच खोलीत राहतो असं म्हणाल का?”

सगळे गप्प. पण गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे. मास्तरला हे माहीत होतं. तो म्हणाला, “फाइल सर्व्हरवर आली म्हणजे वायरमधून आली. वायरमधून आली म्हणजे पकडता येते. उद्यापासून रेकॉर्डिंग लावतो.”

इथे मास्तरची थिअरी थोडक्यात सांगते, कारण ती कळली की पुढची गंमत कळेल.

समजा, सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड कोथरूडला हलवायचंय. आजोबांचं शिसवी कपाट जिन्यातून उतरत नाही. मग काय करतो आपण? कपाट खोलतो, तुकड्यांवर खडूने नंबर टाकतो, तुकडे उतरवतो आणि तिकडे नंबर बघून पुन्हा जोडतो. नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक फाइलचं हेच होतं. एका तुकड्यात साधारण दीड हजार बाइट्स मावतात, त्यातही थोडी जागा पत्त्याला आणि नंबराला जाते. ६०० केबीची फाइल म्हणजे चारशेच्या वर तुकडे. या तुकड्याला म्हणतात पॅकेट. आपल्या मराठीत पाकीट. आता वाटेत कुणी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची झेरॉक्स काढत राहिलं, तर पुढे कधीही तेच कपाट त्याला घरबसल्या जोडता येतं. एक पाकीट हुकलं तर मात्र कपाट लंगडं.

ही झेरॉक्स काढायची विद्या नवी नाही. टीसीपीडम्प नावाचा प्रोग्रॅम १९८८ पासून हेच करतोय. १९९८ मध्ये जेराल्ड कॉम्ब्स या अमेरिकन इंजिनिअरने इथिरियल नावाचा प्रोग्रॅम आणला. नावाच्या ट्रेडमार्कची भानगड झाली आणि २००६ मध्ये त्याचं वायरशार्क झालं. फुकट मिळतो, आणि जगभरचे नेटवर्कवाले त्याच्यावर जीव टाकतात.

मास्तरने गुरुवारी सकाळी स्टुडिओच्या स्विचवर सेटिंग केलं, म्हणजे राउटरकडे आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची एक प्रत त्याच्या छोट्या डब्याकडे वळू लागली. मग त्याने एक टेस्ट घेतली. ‘आयकार’ नावाची एक ६८ अक्षरांची फाइल असते. पूर्ण निरुपद्रवी. पण अँटिव्हायरस कंपन्यांनी आपापसात ठरवलंय, की ही दिसली की व्हायरस सापडल्यासारखं ओरडायचं. फायर ड्रिलच म्हणा ना! मास्तरने ती सर्व्हरवर टाकली, अकाउंट्सच्या टेबलावर टिंग वाजलं आणि डब्यात फाइलची प्रतही मिळाली. सापळा तयार.

आणि हो, त्याने फ्रिजवर एक कागद चिकटवला. ‘दोन दिवस ऑफिसचं नेटवर्क रेकॉर्ड होणार आहे. बँक, डॉक्टर, प्रेमप्रकरणं, सगळं मोबाइल डेटावर करावं.’ मी शुक्रवारी आले, फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढली आणि कागद न वाचता बंद केला. मी कुठे स्टाफ आहे!

गुरुवार शांत गेला. शुक्रवारी अकरा वीसला टिंग.

महाराणी कोण?

शनिवारी दुपारी मास्तरचा फोन. “चहाला ये. एकटीच ये.”

अमृततुल्यच्या बाकड्यावर त्याने लॅपटॉप उघडला. चौदा जीबीची रेकॉर्डिंग. मला वाटलं, आता हा हॉलिवूडसारखी हिरवी अक्षरं पळवणार. कसलं काय! वायरशार्कच्या मेनूत ‘एक्स्पोर्ट ऑब्जेक्ट्स’ असा साधा पर्याय असतो. तो दाबला, एचटीटीपी निवडलं, की पाकिटं जोडून तयार झालेल्या फाइल्सची यादी समोर. कुठून आली, कुठल्या प्रकारची, केवढी, नाव काय. फोल्डर शेअरिंगसाठी तशीच वेगळी यादी. बास. मोठ्या कंपन्यांत हेच काम झीक, सुरिकाटा असे प्रोग्रॅम चोवीस तास आपोआप करतात, आणि निघालेली फाइल परस्पर स्कॅनरच्या तोंडी देतात.

“ही बघ,” मास्तर म्हणाला. सर्व्हरवर अकरा वीसला लिहिली गेलेली फाइल. नाव, ‘इन्व्हॉइस’. आणि ही दुसरी, त्याच्या तीन मिनिटं आधी बाहेरून आलेली. पाठवणाऱ्याला नावच नाही, नुसत्या आकड्यांचा पत्ता. फाइल म्हणे जेपीजी. फोटो.

“फोटो तर आहे,” मी म्हटलं.

“नावावर जायचं नाही. तोंड बघायचं.”

प्रत्येक प्रकारच्या फाइलचं तोंड ठरलेलं असतं म्हणे. झिप फाइल ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते, तो फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम ‘एमझेड’ने सुरू होतो, मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीची सही. आणि या आमच्या गोंडस फोटोची पहिली दोन अक्षरं होती, एमझेड. फोटोचा मुखवटा लावून प्रोग्रॅम आला होता.

मग ठसे. कुठलीही फाइल घ्या, तिचा एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरी ठसा काढता येतो. फाइलचं नाव बदला, ठसा तोच. आत एक टिंब बदला, ठसा पार वेगळा. मास्तरने तीन ठसे एकाखाली एक मांडले. बाहेरून आलेला ‘फोटो’, सर्व्हरवर गेलेलं ‘इन्व्हॉइस’ आणि अकाउंट्सच्या अँटिव्हायरसने कोंडून ठेवलेली फाइल. तिन्ही ठसे अक्षर न् अक्षर सारखे.

“म्हणजे फोटो ज्या मशीनने आणला, त्याच मशीनने तो सर्व्हरवर ठेवला,” मास्तर म्हणाला. “आणि ते मशीन अकाउंट्सचं नाही. वायफायवरचं आहे. नेटवर्कवर शिरताना प्रत्येक मशीन आपलं नाव सांगतं. याने सांगितलंय...” त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “महाराणी. ही महाराणी कोण?”

बॉस, चहा घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला तेव्हा कौतुकाने मीच ते नाव ठेवलं होतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. टिंग वाजलं ते सगळे दिवस माझे होते! गुरुवार शांत गेला, कारण मी घरी होते. इतकं सरळ होतं ते, आणि आम्ही सगळे त्या मुलीच्या हेडफोनकडे बघत बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

मग आठवलं. आदल्या रविवारी एका क्लायंटला पाच पीडीएफ जोडून हवे होते. रात्रीचा एक वाजलेला. सर्च केलं, वरचीच जाहिरात क्लिक केली, ‘फ्री’ सॉफ्टवेअर उतरवलं. ते इन्स्टॉल होईना. त्यानेच सल्ला दिला, अँटिव्हायरस दोन मिनिटं बंद करा. केला. ती दोन मिनिटं अजून संपली नव्हती.

“ते सॉफ्टवेअर दिसतंय का यात?” मी विचारलं.

“नाही. एक तर ते तू घरी उतरवलंस. आणि इथे उतरवलं असतंस तरी दिसलं नसतं. पत्त्याच्या पट्टीतलं ते कुलूप असतं ना, एचटीटीपीएस, त्यातली पाकिटं सीलबंद असतात. कोण कुणाशी बोललं आणि साधारण किती, एवढं कळतं. आतलं कपाट जोडता येत नाही. हल्ली बहुतेक इंटरनेट सीलबंद आहे. तुझा पाहुणा दर वेळी लॅपटॉप सुरू झाला की बिनकुलपाने नवा माल मागवत होता, म्हणून सापडला.”

न उघडलेली फाइल

मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले तर मास्तर म्हणाला, “थांब. खरी गोष्ट पुढे आहे.”

त्याने यादी खाली सरकवली. भराभर, न थांबता. शेकडो ओळी. “यात तुमचा पाहुणा आहेच. पण जुन्या, बिनकुलपाच्या साइटवरून ज्याने जे काही पाठवलं, आणलं, तेही सगळं आहे. कुणाचा तरी ब्लड रिपोर्ट आहे. कुणाचा तरी रेझ्युमे आहे. बाजूच्याच रकान्यात मशीनचा पत्ता असतो. मी बघितला नाही. व्हायरस शोधायला त्याची गरज नव्हती.”

“पण बघू शकला असतास?”

“दोन क्लिक. म्हणून तर कागद लावला फ्रिजवर. आणि म्हणून हे सगळं आज रात्री पुसणार. ठेवणार फक्त ती एक फाइल, तिचा ठसा आणि वेळा.”

हा मुद्दा माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आपल्याला वाटतं, व्हायरस शोधणं म्हणजे विमानतळावरचं बॅग स्कॅनिंग. पण स्कॅनरवाल्याला आपल्या बॅगेतली फक्त कात्रीच दिसत नाही, सगळंच दिसतं. फरक एवढाच, की चांगला माणूस कात्रीच्या आकारावर नजर ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो.

मास्तरने तपासणीही याच बेताने केली होती. सगळ्या फाइल्स उघडून नव्हे, तर फक्त ज्यांचं तोंड प्रोग्रॅमचं आहे त्या वेगळ्या काढून. क्लॅमएव्ही नावाच्या फुकट स्कॅनरने त्या तपासल्या, तेही नेट नसलेल्या वेगळ्या लिनक्स मशीनवर. कारण पाकिटं जोडून निघालेला व्हायरस हा व्हायरसचा फोटो नसतो, तो जिवंत असतो. चुकून डबल क्लिक झालं तर डॉक्टरलाच ताप.

आणि मग व्हायरसटोटल. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली ही साइट, २०१२ मध्ये गुगलने घेतली. फाइल दिली की ती सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसना एकदम दाखवते. पण तिथे चढवलेली फाइल जगभरच्या सिक्युरिटीवाल्यांना उतरवून घेता येते. म्हणजे घाबरून कुणी क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट ‘चेक’ करायला चढवलं, तर व्हायरस नसेल, पण कॉन्ट्रॅक्ट गेलं ना जगभर! मास्तरने म्हणून नुसता ठसा टाकला. ठसा ओळखीचा निघाला, निम्म्याहून जास्त अँटिव्हायरसनी बोट दाखवलं. ओळखीचा निघाला नसता, तर मात्र ‘फाइल चांगली आहे’ असं म्हणता आलं नसतं. पोलीस रेकॉर्डमध्ये नाव नाही म्हणजे माणूस सज्जनच, असं थोडंच आहे!

मी म्हटलं, “एका लॅपटॉपसाठी एवढं?”

“२०१७ चा जून आठवतोय? नॉटपेट्या? युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. ओळखीच्या दारातून आला आणि मग आतल्या आत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर स्वतःच्या प्रती टाकत गेला. मर्स्कसारखी जगातली मोठी शिपिंग कंपनी आडवी झाली. त्यांच्याच ग्रुपकडे असलेलं जेएनपीटीतलं टर्मिनल इथे, नवी मुंबईजवळ, बंद पडलं. तुझा पाहुणा तेवढा हुशार नव्हता, हे तुझं नशीब.”

फॉरमॅट

रविवारी महाराणीचं राज्य खालसा झालं. सगळं पुसून नव्याने विंडोज टाकलं, तेही बॅकअपमधली प्रत्येक फाइल तपासून. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदलले. अकरा क्लायंट्सना मेल लिहिला, की माझा लॅपटॉप आठवडाभर आजारी होता, माझ्याकडून आलेल्या फाइल्स तपासून घ्या. अकरा वेळा तोच मेल लिहिताना दर वेळी मान थोडी आणखी खाली गेली. दोघांनी उत्तरच दिलं नाही. त्यातला एक अजूनही देत नाही.

मैत्रिणीने पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं, जिथून सर्व्हर दिसतच नाही. मॅकवाल्यांनाही स्कॅनर टाकायला लावला, कारण ‘मॅकला व्हायरस होत नाही’ ही अफवा आहे, मास्तर म्हणतो. आणि सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पहिल्या टिंगलाच कळवलं असतं, तर कुजबुजीला आठवडा मिळालाच नसता.

राहिलं एकच काम. सोमवारी सगळे जमले तेव्हा मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. फाइल माझ्या लॅपटॉपमधून आली. ओटीटीचा जोकही माझाच होता. सॉरी.

दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी ‘पार्टी पाहिजे’ म्हणालं आणि नेहमीसारखा गोंधळ सुरू झाला. आपल्याकडे माफी पचवायची हीच पद्धत.

चार वाजता चहाला ती माझ्याबरोबर खाली आली. पहिल्यांदाच. कटिंग संपत आला तेव्हा म्हणाली, “ताई, मी दुसरीकडे अर्ज टाकला होता हो. मागच्या शुक्रवारी, लंचमध्ये. म्हटलं, यांनी काढायच्या आत आपणच जावं.”

मला ती यादी आठवली. भराभर सरकवलेली. मी काहीच बोलले नाही. रेकॉर्डिंग पुसलं गेलंय आणि ते कुणी उघडून बघितलं नाही, एवढं तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं तेवढंच.

“मग जाणार आहेस?” मी विचारलं.

“बघू,” ती म्हणाली. “आणि ताई, लंचमध्ये मी सिनेमे नाही बघत. सीए इंटरची लेक्चर्स असतात ती.”

चहाचे पैसे मी दिले. तिने देऊ दिले.